आंबोलीला नेलेलं पाणी

१२ जुलै २०१५, रविवार

सकाळी संस्थेत दूध कमी आलं. फॅट काढलं, कॅन गाडीत चढवले. दुपारी संचालकांची बैठक झाली. ऊन मे महिन्यासारखं. संध्याकाळी लेकीने, वैजूने, भाकरी केली, मी अर्धी खाल्ली.

बैठकीत चेअरमन त्रिंबकरावांनी अभ्यास दौऱ्याचा विषय काढला. आमच्या दूध संस्थेचे संचालक दोन-तीन वर्षांतून एकदा अभ्यास दौऱ्याला जातात. एक दिवस दुसऱ्यांचा दूध संघ पाहायचा आणि दोन दिवस हिंडायचं, असा रिवाज आहे. यंदा कोल्हापूरकडचा एक संघ पाहून शनिवार-रविवार आंबोलीच्या डोंगरात राहायचं, हे जानेवारीतच ठरलं होतं. ठरवलं होतं वैजूच्या आईने. ती महिला संचालक होती. बाकीच्या बायका सही करून घरी जातात. ती बसायची आणि बोलायची. धोंडीराम आबा त्या मुलखात ऊसतोडीला जाऊन आलेले. त्यांनी सांगितलं, आंबोलीला पाऊस असा पडतो की झाडांच्या अंगावर शेवाळ धरतं आणि भर दुपारी दिवा लावावा लागतो. त्यावर ती म्हणाली होती, "मग निस्त्या म्हशी बघून माघारी कशाला यायचं? पाऊस कसा पडतो ते तरी बघू."

ठराव मीच लिहिला. सूचक म्हणून तिचं नाव माझ्या हाताने लिहिलेलं आहे.

आज त्रिंबकराव म्हणाले, "वहिनींनी ठरवलेलं हाय, तवा ते व्हायलाच पायजे. सेक्रेटरी, आखणी तुमी करा."

मी म्हणालो, "दुष्काळात लोक नावं ठेवतील."

"दुष्काळात न्हाई तर कवा? ज्याच्या दारात पाऊस पडतो त्यो कशाला बघायला जाईल?"

तिच्या रिकाम्या जागेवर गेल्या महिन्यात वैजूला घेतलं आहे. म्हणजे दौऱ्याला वैजू जाणार. हे घरी येईपर्यंत माझ्या ध्यानात आलं नव्हतं.

१५ जुलै, बुधवार

टँकरचा दिवस. आठवड्यातून दोनदा येतो, बुधवारी आणि रविवारी.

टँकर येतो तेव्हा मी संस्थेत असतो. हॉर्न ऐकू आला की फॅट काढायचं जुनं मशीन, हाताने फिरवायचं, ते फिरवत बसतो. आत दुधाच्या नळ्या नसल्या तरी फिरवतो. त्याचा खडखडाट मोठा आहे. आडात पाणी पडल्याचा आवाज मग येत नाही.

एकदा लिहून टाकतो, म्हणजे परत लिहायला नको. एप्रिलमध्ये टँकर आडात रिकामा होत होता. बायकांची रेटारेटी झाली. आडाला कठडा नाही. वैजूची आई पोहऱ्यासकट आत गेली. आत पाणी होतं ते टँकरचं नुकतंच पडलेलं, घोट्याएवढं. ती दगडावर पडली. टँकर चालवणारा मकसूद होता. त्याने व्हॉल्व बंद केला आणि दोर धरून तोच आत उतरला.

आडात माणूस गेलं की आड उपसायचा, नारळ फोडायचा आणि मग पाणी प्यायचं, अशी रीत आहे. पण उपसायला आत काही नव्हतं आणि गावाला दुसरा आड नाही. पुढच्या खेपेला टँकर त्याच आडात रिकामा झाला.

वैजूला मी आडाकडे जायला बंदी केली आहे. ती एकोणीस वर्षांची आहे, केजला कॉलेजात जाते. आमचं पाणी शेजारच्या बायनामावशी आणतात. त्यांना जागेवरून उठायचं तर भिंत धरावी लागते. तरी आज घरी आलो तेव्हा दोन्ही हंडे आणि रांजण भरलेले होते. मनाने मोठ्या माणसाच्या अंगात बळ कुठून येतं कोण जाणे.

१९ जुलै, रविवार

दौऱ्याला वैजूने जाऊ नये म्हणून मी आज एक कारण काढलं. वर्षश्राद्ध झालेलं नाही, घरात दुखवटा आहे, अशात हिंडायला जाऊ नये. हे मी बायनामावशींसमोर बोललो. वाटलं होतं त्या माझी बाजू घेतील.

मावशी उंबऱ्यात पाय पसरून बसल्या होत्या. म्हणाल्या, "सण करू न्हाई, गोड करू न्हाई, मान्य हाय. पर जिवंत मान्सानं बाहीर पडू न्हाई असं कुन्या पोथीत हाय बाबा?"

"मावशी, तिथं दऱ्या आहेत. रस्ते निसरडे. पोरीची जात."

वैजू परातीत पीठ मळत होती. मान वर न करता म्हणाली, "अप्पा, हितं सगळं सपाटच हाय का?"

मी म्हणालो, "हो. इथं सपाट आहे." आमच्याकडे डोंगर नाही, हे तिला माहीत आहे. असं का विचारलं कळलं नाही. मावशी तिच्याकडे पाहून गप्प झाल्या.

नंतर वैजू एवढंच म्हणाली, "आई जाणार होती. तिच्या जागी मी जाते." पीठ लागलेले तळवे तिने पुसले तेव्हा दिसलं, दोन्ही तळव्यांना आडवे घट्टे पडले आहेत. विचारलं तर म्हणाली, कडबा तोडायच्या विळ्याचे. जनावरं आता एकच म्हैस राहिली आहे. कडबा किती लागतो तिला.

२२ जुलै, बुधवार

मी ठरवलं की नाही म्हणायचं नाही, पण आखणीच अशी करायची की दौरा आपोआप मोडेल. पेपरात घाटात दरड पडल्याची बातमी होती, ती कापून संस्थेच्या फळ्यावर लावली. धोंडीराम आबांनी वाचली आणि म्हणाले, "दरड पडायला आदी पाऊस पडावा लागतो. नशीब लागतंय त्याला."

त्रिंबकराव म्हणाले, "तू सात हंगाम तिकडं ऊस तोडलास, एकदा तरी पाऊस बघितलास का?"

"पावसाळ्यात कोन ऊस तोडतं? आमी दिवाळीला जायाचो, उन्हाळ्यात यायाचो. पन झाडावरलं शेवाळ बघितलंय, वाळलेलं. कोयता घिऊन गेलो तवा कुनी अभ्यास दौरा म्हणलं न्हाई."

मग त्यांनी मला आंबोलीच्या लॉजला फोन करायला लावला. बाकीचे चार संचालक समोर बसलेले. वैजू दाराशी. पलीकडच्या माणसाला मी विचारलं, रस्ता चालू आहे का, दरड आहे का. तो काय बोलला ते ऐकूच येईना. त्याच्यामागे मोठा आवाज होता, सारखा, न थांबणारा. मी म्हणालो, "आवाज कसला येतोय?"

तो म्हणाला, "खंयचो आवाज? पाऊस आसा."

त्रिंबकराव म्हणाले, "स्पीकर लावा." मी लावला. फोन टेबलावर ठेवला. सगळे पुढे झुकले. पत्र्यावर पाऊस पडत होता. पलीकडचा माणूस हॅलो हॅलो करत होता आणि धोंडीराम आबा हाताने खूण करत होते की ठेवू देऊ नका. वैजू डोळे मिटून ऐकत होती.

मला तो आवाज टँकर आडात रिकामा होतो तसा वाटला. मी पाणी प्यायला म्हणून उठून बाहेर गेलो. माठावरचं झाकण काढलं आणि परत ठेवलं. परत आलो तोवर सात-आठ-नऊ ऑगस्ट नक्की झालं होतं.

२६ जुलै, रविवार

टँकर येऊन गेला होता. संध्याकाळी गोठ्यात गेलो. वैजूच्या आईचा पाणी शेंदायचा दोर मी तिथे खुंटीला टांगून ठेवला आहे. एप्रिलमध्ये तो तिच्यासोबत आत गेला होता, मकसूदने वर काढून आणून दिला. कुणी हात लावू नये असं सांगितलं आहे. आज सहज हात लागला तर दोर ओला. छपराला कुठून तरी ओल येत असावी. पण पाऊस तर नाही. उद्या वर चढून पाहिलं पाहिजे.

रात्री झोप लागत नाही. डोळा लागला की वैजू एका कडेला उभी दिसते, पाठमोरी. हाक मारावी तर तोंडातून शब्द निघत नाही.

२७ जुलै, सोमवार

गाडी ठरवायला युसूफ वडगावला गेलो. त्रिंबकरावांनी मकसूदचीच जीप सांगितली आहे. टँकर नसतो त्या दिवशी तो जीप चालवतो; दौऱ्यातल्या रविवारी टँकरवर दुसरा ड्रायव्हर जाईल. एप्रिलनंतर त्याच्याशी मी बोललो नव्हतो. राग नाही. तोंड समोर आलं की ते सगळं दिसतं, म्हणून रस्ता बदलायचो.

तो जीपखाली होता. मला पाहून बाहेर आला, हात पुसले, परत पुसले. त्याच्या बायकोने, सलिमाने, चहा आणला आणि ठेवून गेली. आम्ही दोघंही चहाकडे पाहत बसलो.

मी म्हणालो, "ब्रेक कसे आहेत?"

"नवे लायनर टाकलेत भाऊ. तुमी म्हनाल तर आजून एकदा बदलतो. घाटात मी फस्ट गेरमधीच उतरवनार. कुनाला घाई आसंल तर त्यानं पायी यावं."

"धुकं असतं म्हणे."

"तर मी थांबनार. दिवसभर थांबनार." मग म्हणाला, "आता टँकर लावला की मी आदी सगळ्या बायांला लाइनीत बसवतो. चार वाव लांब. बसल्याबिगर व्हॉल्वला हात लावत न्हाई. शिव्या देतेत मला. देऊ द्या. परवा तर वैजू..."

तिथे तो थांबला. मी विचारलं, "वैजूचं काय?"

"न्हाई, वैजू म्हनत हुती, दौऱ्याला अप्पांनला फुडच्या सीटवर बसवा."

ती त्याला कुठे भेटली असेल, एसटी स्टँडवर भेटली असेल.

३० जुलै, गुरुवार

केजला गेलो. तहसीलमधलं काम झालं नाही. बाजारात इसाकच्या दुकानातून वैजूसाठी बूट घेतले. मी तळ उलटा करून बोटाने पाहत होतो. इसाक म्हणाला, "सेक्रेटरी, पोरीला डोंगर चढवताव का काय? खाली खाचा हायत, शेवाळावर सुदिक घसरनार न्हाई." मी त्याच्याच दुकानातल्या ओल्या फरशीवर ते घासून पाहिले. तो हसला. मग त्याला काहीतरी आठवलं असावं, हसायचा थांबला आणि दुसरा जोड काढून म्हणाला, "ह्यो बघा. ह्यो जास्त धरतो."

वैजूने बूट पाहिले, घालून चालली, म्हणाली, "चांगले धरतेत." खूष वाटली. बऱ्याच दिवसांनी.

२ ऑगस्ट, रविवार

वैजूला अटी सांगितल्या. ओल्या दगडावर पाय द्यायचा नाही. धबधब्याखाली जायचं नाही. कडेच्या जवळ जायचं नाही. धुक्यात माझा हात सोडायचा नाही. ती प्रत्येकाला हो म्हणाली. इतक्या सहज हो म्हणाली की मला जास्तच भीती वाटली. तिची आईही वाद न घालता हो म्हणायची आणि मनातलं करायची.

तिचे नवे बूट दाराशी होते. तळाच्या खाचांत चिखल भरलेला, अजून ओला. या गावात चिखल कुठे आहे? उकिरड्यापाशी म्हशीचं मूत सांडतं, तिथे असेल. तिला म्हणालो, बूट दौऱ्यासाठी ठेव, रोज घालू नको. म्हणाली, सवय करायलेय.

सूर्य मावळताना पश्चिमेला ढग आले होते. रिकामेच गेले.

५ ऑगस्ट, बुधवार

आखणी जवळपास झाली. शुक्रवारी पहाटे निघायचं, कळंब-बार्शीवरून दुपारपर्यंत संघावर पोचायचं, मुक्काम तिथेच. शनिवारी आजऱ्यावरून आंबोली. रविवारी सकाळी परत. भाकरी, धपाटे, शेंगदाण्याची चटणी घरोघरून. छत्र्या गावात कुणाकडे धड नाहीत, त्रिंबकरावांनी खताच्या गोण्या शिवून घेतल्या, डोक्यावरून घ्यायला.

पाण्याचा विषय मी काढला. सहा माणसं आणि ड्रायव्हर, तीन दिवस. संस्थेचे दोन रिकामे दुधाचे कॅन धुऊन भरून न्यावेत, असं मी म्हणालो.

त्रिंबकराव म्हणाले, "तिथं पाऊस हाय म्हनं की."

"पडतो तो दगडावरून वाहून जातो. प्यायला काय? कुणी दिलं नाही तर?"

यावर सगळे विचारात पडले. धोंडीराम आबा म्हणाले, "सेक्रेटरीचं बराबर हाय. ऊसतोडीला पन पानी इचारलं की लोक तोंड फिरवायचे." पाण्याशिवाय गावाबाहेर पडायचं कुणाच्याच मनाला पटेना. ठरलं, दोन कॅन न्यायचे.

दुपारी टँकर आला. मी मशीन फिरवलं. संध्याकाळी जाऊन पाहिलं तर दोन्ही कॅन संस्थेच्या ओट्यावर काठोकाठ भरून झाकण लावून ठेवलेले. कुणी भरले म्हणून विचारलं तर त्रिंबकराव म्हणाले, "भरले कुनीतरी. गाव आपलंच हाय."

मंजुळाबाई दूध घालायला आल्या होत्या. कॅन पाहून म्हणाल्या, "काय बाई अभ्यास! ढगात निघालेत आन् पानी हितलं न्यायलेत. येताना ढगाला बी पाजून या थोडं."

सगळे हसले. मलाही हसू आलं.

८ ऑगस्ट, शनिवार. आंबोली

लॉजच्या खोलीत लिहितो आहे. कागद दमट झालाय, पेन उमटत नाही.

डोंगरातल्या वळणांवर मी पुढच्या सीटवर डॅशबोर्ड धरून बसलो होतो. हाताला रग लागली. मकसूदचे ओठ हलत होते. आजऱ्याच्या पुढे झाडी दाट झाली आणि रस्त्यावर अंधार आला. झाडांच्या खोडांना खरंच शेवाळ आहे, हातभर लोंबणारं. फांदीवर दुसरी झाडं उगवली आहेत. सगळ्यातून पाणी गळतं. मातीतून, दगडातून, पानातून. लोक म्हणतात डोळे निवतात. मला तसं झालं नाही. एवढं पाणी कुणाच्याही ताब्यात नाही, असं वाटलं.

लॉजवाल्याने जीपमधून कॅन उतरताना पाहिले. "दूध हाडलात?" म्हणाला. पाणी आहे म्हटल्यावर त्याने बायकोला हाक मारून बाहेर बोलावलं. "गे, ह्येंनी पाणी हाडल्यानी! आंबोलीक!" ती पदर तोंडाला लावून आत पळाली. आम्ही खाली बघत उभे राहिलो. आबा म्हणाले, "आमच्या पान्याला चव हाय वो."

दुपारी कावळेसादला गेलो. तिथे दरी आहे. मी जीपमधून उतरलो नाही. वैजू म्हणाली, "अप्पा, हात धरून चला की." मी मान हलवली. तिला जाऊ नको म्हणायचं होतं, तेवढ्यात ती आबांसोबत पुढे गेली. खताची गोणी डोक्यावर. दहा-वीस पावलांवर धुक्याने तिला घेतलं. गोणी दिसेनाशी झाली. मग आवाजही.

मी बसून राहिलो. काचेवर पाणी. आत माझा श्वास ऐकू येत होता. मकसूद बाहेर पावसात बॉनेटला टेकून उभा होता, त्याच दिशेला बघत. मला वाटलं, आता कुणीतरी पळत येईल. एप्रिलमध्ये आला तसा. मी संस्थेत फॅटचे आकडे लिहीत होतो आणि धोंडीराम आबा पळत आले होते. शेवटी मी दार उघडलं आणि तसाच निघालो. चप्पल चिखलात राहिली. हाक मारत होतो, पण आवाज निघत होता की नाही माहीत नाही.

ती कठड्याला धरून उभी होती. लोखंडी, कमरेएवढा कठडा आहे. पलीकडे काही नाही, पांढरं. दरीतून वारा वर येतो आणि खाली पडणारं पाणी उलटं वर फेकतो. लोकांच्या तोंडावर ते पाणी खालून येत होतं, पोरं ओरडत होती. मला ते बघवलं नाही. पडलेलं वर येतंय. मी वैजूचं मनगट धरलं. तिने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "अप्पा, हितं कठडा हाय."

तिचा चेहरा ओला होता, पावसाने की कशाने सांगता येत नाही.

या दरीच्या काठी कुणी राहत नाही, कुणी पाणी भरत नाही. तरी कठडा आहे.

९ ऑगस्ट, रविवार

जीपमध्ये लिहितो. अक्षर हलतं आहे.

सकाळी निघताना लॉजवाल्याच्या गड्याने सामान चढवलं. कॅन जड होते, झाकणही उघडलेलं नव्हतं. तो म्हणाला, हे वझं परत कशाला न्यायचं, आणि एक कॅन आडवा करून अंगणात ओतायला लागला. अंगणात पाणीच पाणी होतं, त्यात आमचं पाणी पडलं. गढूळ, जरा पिवळसर.

वैजू ओरडली. असा आवाज मी तिच्या तोंडून ऐकला नव्हता. "ओतू नका! शेंदलंय म्या ते!"

तिने धावत जाऊन कॅन दोन्ही हातांनी उभा केला. मग तिच्या लक्षात आलं काय बोलून गेली ते. गडी घाबरून बाजूला झाला. त्रिंबकराव आभाळाकडे बघायला लागले. आबांनी तंबाखू काढली आणि मळतच राहिले. मकसूदने मान खाली घातली. म्हणजे सगळ्यांना ठाऊक होतं.

मी विचारलं, "कोणत्या आडातून?"

"आपल्याला दुसरा हाय का अप्पा?"

"कधीपासून?"

"तेराव्यानंतर पयला बुधवार आला तवापसून. मावशीला उठता येत न्हाई. रांजणातलं पानी रोज पिताव तुमी. कुठून येतंय वाटलं?"

घट्टे, दोर, बूट, सगळं मी पाहिलं होतं. या डायरीत लिहूनही ठेवलं आहे.

मी विचारलं, "भीती वाटत नाही?"

"वाटतंय की. लई वाटतंय. पर तिकडं तुमचं मशीन वाजायलं की बरं वाटतंय. अप्पा हायत म्हनून."

मकसूद पुढे आला. म्हणाला, "भाऊ, तिला मी सगळ्यात आदी भरू देतो. थोडं पानी सोडून व्हॉल्व बंद करतो. तिचा पोहरा वर आला, ती मागं सरली, की मग परत व्हॉल्व. अल्लाची शपत. मला बी रातची झोप न्हाई भाऊ."

पाऊस पडत होता. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. बरोबर होतं की नाही माहीत नाही, ठेवला.

अर्धा कॅन राहिला होता. त्यात आंबोलीचं पाणी भरावं, असं आबा म्हणाले. वैजूने नको म्हटलं. मावशींसाठी तिने वेगळी बाटली भरून घेतली.

१० ऑगस्ट, सोमवार

घरी. अंग मोडून आलं आहे. इथे ऊन, धूळ. बायनामावशींनी बाटलीतलं पाणी तोंडात घेतलं, गिळलं, म्हणाल्या, "निस्तं पानीच हाय की." मग बाटली पदराखाली ठेवली. मी म्हणालो, "मावशी, कळलं मला." त्या म्हणाल्या, "बरं झालं. मला खोटं बोलून बोलून गुडघे जास्तच धरले हुते."

नेलेलं पाणी रांजणात ओतलं. पुढच्या सभेला कठड्याचा विषय ग्रामपंचायतीकडे लेखी द्यायचा, हे त्रिंबकरावांशी बोललो. सूचक म्हणून वैजूचं नाव घालायचं.

उद्याचा दिवस गेला की बुधवार.

१२ ऑगस्ट, बुधवार

सकाळचं दूध घेतलं, फॅट काढलं, कॅन पाठवले. घरी येऊन वैजूला म्हणालो, "आज कॉलेजला जाऊ नको. संस्थेत बस." तिने माझ्याकडे पाहिलं, खुंटीवरची किल्ली घेतली आणि गेली.

हॉर्न ऐकला तेव्हा मी गोठ्यात होतो. दोर खांद्यावर घेतला, पोहरा आणि एक हंडा घेतला. वाट फार नाही, पण दोनदा थांबलो. एकदा तर परत वळलो होतो.

बायका लाइनीत बसल्या होत्या, आडापासून लांब, मकसूद म्हणाला होता तशा. मला पाहून बोलणं थांबलं. मंजुळाबाई म्हणाल्या, "सेक्रेटरी, बायांच्या लाइनीत? बसा, बसा. पर मधी घुसायचं न्हाई." मग त्याच सरकल्या आणि मला आपल्या पुढे घेतलं. मकसूद टँकरपाशी उभा होता. माझ्याकडे त्याने पाहिलं नाही. मला आधी भरू द्यायचं असं त्याने हाताने केलं, मी नको म्हटलं. लाइनीत होतो तिथेच बसलो.

त्याने व्हॉल्व उघडला. पाणी आडात पडायला लागलं. तो आवाज मी चार महिन्यांत पहिल्यांदा पुरता ऐकला. घामाने बंडी भिजली. उठून पळावं असं झालं आणि गुडघ्यावर हात दाबून बसून राहिलो.

मग संस्थेकडून मशीनचा खडखडाट ऐकू आला. फॅट तर केव्हाच काढून झालं होतं. तो थांबला नाही.

माझी पाळी आली. आडाच्या कडेला दगड आहेत, त्यावर दोरांच्या घासण्याने खाचा पडल्या आहेत. मागच्या पायावर भार घेतला. आत पाहिलं नाही, दोराकडे पाहिलं. पोहरा खाली गेला, टेकला, जड झाला. ओढला. हाताला दोर भाजला. परत सोडला. हंडा भरेपर्यंत सोडला. मंजुळाबाईंनी मागून माझ्या बंडीचं टोक धरून ठेवलं होतं, हे हंडा उचलताना कळलं.

घरी कुणी नव्हतं. मशीन अजून वाजत होतं. रांजणाच्या तोंडावर फडकं बांधलं, पाणी हळूहळू गाळून ओतलं, फडक्यावरची माती तुळशीत झाडली. मग दोर उलगडून अंगणातल्या तारेवर उन्हात वाळत घातला.